नेपाळच्या युद्धाने बाई मोकळी झाली?

रानवाट: कालच्या 'बंदुकीने नेपाळी बाईला मोकळं केलं' या पोस्टने डोकं फिरलं. १९९६ ते २००६ मध्ये सरकारशी लढणाऱ्या माओवाद्यांत बायका होत्या, विधवांची, जातीबाहेरची लग्नं लागली, मान्य. पण २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत माओवाद्यांचे १९,६०२ लढवय्ये निघाले, त्यांत ३,८४६ बायका. पुढे नेपाळच्या लष्करात घेतल्या जेमतेम शंभरेक. बाकीच्यांना घरीच परतावं लागलं ना? युद्धात जातीबाहेर लग्न केलेल्या सुनेला सासू चुलीपाशी येऊ देते का?

घाटमाथा: पोस्ट माझीच. आकडे टाकून माणसं पुसू नका. आमच्या सोसायटीचा दाजू, म्हणजे नेपाळी दादा, पश्चिम नेपाळातल्या जाजरकोटचा. गावात दिवसा पोलीस यायचे, रात्री माओवादी, म्हणून पुण्याला पळाला. मागे बायकोने नांगर धरला. तिकडे बाईने नांगर धरणं पाप! तो गावी गेला तेव्हा तिने नांगर सोडला नाही.

रानवाट: म्हणजे एक काम वाढलं. शेत कुणाच्या नावावर आहे ते विचारा. युद्ध चालू असताना, २००२ च्या कायद्याने मुलीला वाटा दिला, तोही लग्न झालं की परत करायचा!

कृष्णाकाठ: तुम्ही दोघं नांगरावरून भांडताय. त्या युद्धातली १,३०० च्या वर माणसं अजून बेपत्ता आहेत, एकट्या बर्दिया जिल्ह्यातून दोनशेवर, बहुतेक तिथल्या थारू आदिवासी समाजाची. त्यांच्या बायकांनी कुंकू लावावं की पुसावं? लावलं तर गाव म्हणणार नटते, पुसलं तर सासू म्हणणार माझ्या लेकाला मारलंस. माझ्या आत्याचे यजमान गिरणी संपानंतर मुंबईतून नाहीसे झाले. अकरा वर्षं ती मंगळसूत्र पदराआड ठेवायची. ओटी भरताना बायका तिच्यापाशी आल्या की थबकायच्या, ताटातला तांदूळ उगाच सारखा करायच्या.

घाटमाथा: वाईट वाटलं. पण गिरणी संपाचा इथे काय संबंध? आणि आता दिवस बदललेत, कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केलाच की.

कृष्णाकाठ: संबंध विचारता? तो ठराव विधवांसाठी आहे. आत्या विधवा नव्हती! बर्दियातल्या बायकाही नाहीत. नवरा मेला असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने कसं म्हणायचं? एकदा म्हणून बघा.

रानवाट: हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी सैनिक बायकाच मोजत बसले.

घाटमाथा: दाजूला विचारलं. शेत त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर आहे. तेवढं तुमचं खरं. नांगर मात्र अजून बायकोच धरते, ते मी मागे घेणार नाही.