क्रॉस स्टिचवर मणी लावायला सुई कुठली? 24 नंबर अडकते, लांबडी वाकते

फोंडेकरीण_भरतकाम:
नमस्कार मंडळी. चवथीला मखराच्या मागे लावायला मोराचं पॅनल करतेय, 14 काउंटचा पांढरा आयडा (इंचाला 14 घरं असलेलं भोकाभोकांचं कापड). भरून होत आलंय, आता पिसाऱ्यातल्या डोळ्यांत निळे हिरवे काचमणी लावायचेत. पुडीवर मण्याचा आकार 11/0 लिहिलाय. तर ज्या 24 नंबरच्या बोथट सुईने सगळं भरलं ती मण्यात अर्धी जाते आणि नेढ्यापाशी घट्ट अडकून बसते, जोर लावला तर मणीच फुटतो. मग मडगावला न्यू मार्केटात गेले होते तेव्हा मणी ओवायची म्हणून जी लांब बारीक सुई मिळते ती आणली. ती मण्यातून मजेत जाते, पण कापडात घातली की शेजारच्या टाक्याचा दोरा चिरूनच वर येते, बोटाला टोचते ते वेगळंच आणि थोडं काम झालं की तिचा धनुष्यबाण होतो. दुकानदार म्हणाला 10 नंबर न्या, पण 10 तर 24 पेक्षा जाड असणार ना? का उलट? आणि दोरा दोन पदरीच ठेवायचा का? प्लीज कुणीतरी सांगा, चवथ आली तोंडावर आणि घरी अजून रंगसुद्धा काढायचाय.

नेढ्यातून_पार:
नंबरचा घोळ सगळ्यांचाच होतो. एकाच जातीच्या सुयांत नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, हे बरोबर, पण दोन वेगळ्या जातींचे नंबर एकमेकांशी लावून बघायचे नाहीत. तुझी 24 ही टॅपेस्ट्री सुई, टोक बोथट आणि नेढं लांबरुंद. बीडिंगची 10 किंवा साध्या भरतकामाची 10 (पाकिटावर एम्ब्रॉयडरी नाहीतर क्रुएल लिहिलेलं असतं) ह्या दोन्ही तिच्यापेक्षा कितीतरी बारीक. म्हणजे दुकानदार चुकीचं नाही बोलला.

आता अडकतं कुठे बघ. सुईचा सगळ्यात जाड भाग म्हणजे नेढं, त्यात दोरा दुमडून बसला की अजून जाड. त्यामुळे टोक मण्यात गेलं ह्याला काही अर्थ नाही. दुकानात जाताना चार मणी कागदात बांधून ने आणि मणी सुईच्या मागच्या बाजूने, नेढ्याकडून चढवून बघ. रिकाम्या नेढ्यावरच कुरकुर करत चढला तर ती सुई घेऊ नको, दोरा घातल्यावर जाणारच नाही.

माझं मत विचारशील तर 28 नंबरची टॅपेस्ट्री घे. टोक बोथटच, त्यामुळे आयडाच्या भोकातून सरळ जाते, आधीचे टाके चिरत नाही, आणि 11/0 च्या बहुतेक मण्यांतून पार होते. 26 काही मण्यांतून जाते काहींतून नाही, मणी कुठल्या बनावटीचे त्यावर आहे. जपानी मण्यांची भोकं मोठी आणि सारखी असतात, आपल्याकडे सुटे तोळ्यावर मिळतात त्यात एक भोक असं तर दुसरं तसं.

म्हापसा_शुक्रवार:
28 चांगली असते हे मान्य पण मिळते कुठे ते सांगा ना! इथे शुक्रवारच्या बाजारात विचारलं तर 22, 24 च्या पुढे कुणी देत नाही, ऑनलाइनच मागवावी लागते आणि पावसात कुरियरचं काय होतं ते माहितीच आहे. मी तर भरतकामाच्या मिक्स पाकिटातली सगळ्यात बारीक सुई वापरते. टोकदार आहे, खरंय, पण लांबीला आखूड त्यामुळे वाकत नाही आणि हातात बसते. दोरा चिरतो म्हणतेस ना, तर खालून वर येताना भोक बघून ये, उजेडासमोर धर म्हणजे दिसतं. आणि बीडिंगमध्येही आखूड सुई येते, तुला मिळाली ती लांबडी माळा ओवायची, एका वेळी पुष्कळ मणी घ्यायला. आपल्याला टाक्याला एकच मणी, मग एवढी लांबी कशाला.

नेढ्यातून_पार:
@म्हापसा_शुक्रवार उजेडासमोर धरून एक ओळ ठीक आहे गो, अख्खा पिसारा कोण धरणार 😄 तरी 28 येईपर्यंत तुझा उपाय चालेल.

फोंडेकरीण_भरतकाम:
बरं मग 28 मागवते आणि तोवर पाकिटातली बारीक. पण 28 च्या नेढ्यात दोन पदर मावतील का? आणि मणी पूर्ण फुलीने लावायचा की अर्ध्या टाक्याने?

आजीचा_पेटारा:
बाळा, दोन पदर मावतात पण मण्यात शिरताना जड जातं. माझी पद्धत सांगते. जेवढा दोरा हवा त्याच्या दुप्पट लांबीचा एकच पदर घ्यायचा, मधोमध दुमडायचा, दोन सुटी टोकं नेढ्यात आणि मागे राहिला तो फासा. पहिला अर्धा टाका मागे पूर्ण ओढायचा नाही, सुई मागच्या फाशातून काढायची की गाठ न मारता दोरा पक्का. हेही जड जात असेल तर एकच पदर किंवा बारीक पॉलिएस्टर दोरा घे, तो कापसाच्या दोऱ्यापेक्षा झिजायला चिवट असतो. मण्याच्या भोकाच्या कडा धारदार असतात, दोरा रोज थोडा थोडा कापतात, म्हणून सांगते.

टाका अर्धाच. पण दिशा तुझ्या फुलीच्या वरच्या टाक्याची जी आहे तीच ठेव, नाहीतर सगळे मणी भलतीकडे माना करतात. मणी डुलतोय वाटलं तर त्यातूनच दुसरा फेरा मार. पूर्ण फुली करणारे दुसऱ्या टाक्याला दोन पदर फाकवून मण्याच्या दोन्ही बाजूंनी नेतात, मणी ताठ उभा राहतो, पण पिसाऱ्यासाठी एवढं नको. दर चार-पाच मण्यांनी मागे एक छोटा टाका अडकव म्हणजे पुढेमागे एक तुटला तर सगळी रांग सांडणार नाही.

आणि महत्त्वाचं, आधी कापड धुऊन इस्त्री करून घे, मणी सगळ्यात शेवटी. मणी लावल्यावर रिंग चढवलीस तर तिच्याखाली ते दाबून फुटतात. नंतर इस्त्री लागलीच तर जाड टॉवेलवर उलटं घालून मागून.

दोऱ्याचा रंग पण बघ हो. मणी पारदर्शक असतील तर आतला दोरा दिसतो, निळ्या मण्यात पांढरा दोरा घातला की तो फिका दिसणार.

पेडणे_हौशी:
चार्टमध्ये सलग भरगच्च मणी असतील तर एक भानगड आहे. 14 काउंटला एक घर साधारण 1.8 मिमीचं आणि 11/0 चा मणी 2 मिमीच्या थोडा वर. सुटे सुटे लावले तर मस्त, पण सलग भरले की एकमेकांना ढकलतात आणि कापड फुगतं. डोळ्याच्या मधल्या भागात एक सोडून एक लाव, किंवा तिथे 15/0 चे, म्हणजे 11/0 पेक्षा लहान मणी घे. मात्र 15/0 चं भोक अजून लहान, त्याला 28 पण काही वेळा जात नाही, तिथे बीडिंगची 12 लागेल.

आणि आतून चंदेरी अस्तर असलेले मणी असतील तर आपल्या दमट हवेत काळे पडू शकतात, चवथ झाली की पॅनल हवाबंद पिशवीत ठेवून दे.

म्हापसा_शुक्रवार:
सुयांचंपण तेच. रात्री सुई कापडात टोचून ठेवू नकोस, पावसात सकाळपर्यंत गंजाचा डाग पडतो आणि पांढऱ्या आयडावरून जाता जात नाही. बुटाच्या खोक्यात ती सिलिका जेलची पुडी असते ना, ती सुयांच्या डबीत टाकून ठेव.

फोंडेकरीण_भरतकाम:
देव बरें करूं सगळ्यांना! 28 ची ऑर्डर टाकली, आणि आजींनी सांगितलं तसं उद्या धुऊन घेते. सलग मणी आहेत चार्टमध्ये, तिथे एकाआड एक करते. ऊन कुठे आहे पण, पंख्याखालीच वाळवावं लागणार.

आजीचा_पेटारा:
पंखा चालेल, पिळू नको फक्त, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब. आणि मणी लावायला बसशील तेव्हा मात्र पंखा बंद, ताटलीत मखमलीचा तुकडा घालून त्यावर मणी ओत, गडगडत नाहीत आणि सुईच्या टोकाने सरळ उचलता येतात.