एचआयव्ही चेतापेशींत शिरत नाही, तरी त्या मरतात

एचआयव्ही चेतापेशींत शिरून त्या मारतो, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. त्यात थोडी दुरुस्ती करतो. चेतापेशींत तो जवळजवळ शिरतच नाही. त्याला आत जायला लागणारं सीडी४ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन त्यांच्यावर नसतंच. तो रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींबरोबर मेंदूत येतो आणि मायक्रोग्लियांत, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशींत, ठाण मांडतो. तिथून सुटणारी टॅट, जीपी१२० ही विषाणूची प्रथिनं आणि भडकलेला दाह यांनी चेतापेशी मरतात. कल्चरमधल्या, म्हणजे शरीराबाहेर वाढवलेल्या, चेतापेशींवर विषाणूविना नुसतं टॅट टाकलं तरी त्या मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय.

भारतात एचआयव्हीचा मुख्यतः सी उपप्रकार आढळतो. त्याच्या टॅटमध्ये ३१व्या जागी बहुधा सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल असतं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की, एवढ्याशा बदलाने टॅटची मोनोसाइट ओढून आणण्याची ताकद घटते. फार मोलाचं काम आहे हे! पण म्हणून आपल्याकडे धोका नाही, असं कृपया कुणी समजू नका. दक्षिण भारतातल्या सी उपप्रकाराच्या रुग्णांच्या चाचण्यांतही स्मरणशक्तीत उणीव आढळलीच आहे.