परभणी क्रांती आणि बांधावरची रानभेंडी

बांधकरी:
आमच्या शेतकरी ग्रुपवर एकानं टाकलं, "रानटी झाडं जपा म्हणणारे रिकामटेकडे, दुकानात बियाणं मिळतंय की." म्हणून इथं लिहितोय. पुसा सावनी हा भेंडीचा वाण केवडा या विषाणूच्या रोगानं पिवळा पडायला लागला, तेव्हा मराठवाडा कृषी विद्यापीठानं १९८५ साली परभणी क्रांती हा नवा वाण दिला. केवडा सोसायची ताकद त्याच्यात आली मॅनिहॉट या भेंडीच्या भाऊबंदाकडून. बेंगळुरूच्या अर्का अनामिका या भेंडीचंही तसंच. तिच्यातला टेट्राफिलस, म्हणजे एक रानभेंडी, तर आपल्याकडं रानात उगवतो. आणि आपण बांधावर तणनाशक मारतोय!

रोखठोक_तात्या:
अर्धीच गोष्ट सांगताय राव. तीच परभणी क्रांती आज लावून बघा, शिरा पिवळ्या पडतातच. विषाणू बदलत राहतो, पांढरी माशी त्याला घरोघर पोचवते. आणि रानभेंडीशी संकर म्हणजे पोरखेळ नाही. पहिल्या पिढीत बी धड भरत नाही, फळ आखूड आणि लवदार. मग चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत ते दुर्गुण काढत बसायचं. तोवर मार्केटला काय नेऊ?

ऊसवाली:
तात्या, ऊस लावता ना? कोइमतूरला १९१८ साली को २०५ निघाला तो जाड, गोड ऊस आणि रानातलं कास गवत यांच्या संकरातून. त्या गवतात साखर नावालाच, पण काटकपणा त्याचाच. आज कारखान्याला जाणाऱ्या उसात त्याचा अंश आहेच. वाण मोडतो हे कबूल. म्हणून तर पुढचा गुण शोधायला रान शिल्लक हवं.

रोखठोक_तात्या:
त्यासाठी माझा बांध कशाला? अकोल्याला राष्ट्रीय जनुक संग्रहाचं केंद्र आहे, ठेवा बी थंड खोलीत.

बांधकरी:
ठेवाच. पण खोलीतल्या बियाला नवा रोग, नवी कीड भेटत नाही. बांधावरच्या झाडाला दरसाल भेटते, त्यातून जे तगतं तेच कामाचं.

रोखठोक_तात्या:
मग तगवणाऱ्याला काय? २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभाचा वाटा आहे म्हणे. आमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावर, तिनं ठेवायच्या गावच्या झाडाझुडपांच्या नोंदवहीत रानभेंडीची ओळसुद्धा नाही. बांध राखायचे पैसे द्या, फवारणीचा पंप आजच खाली ठेवतो.

ऊसवाली:
पैशाचं रास्त आहे, बियाणं कंपन्यांकडून तो वाटा यायलाच हवा. पण मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलं होतं ना, त्या समितीवर सदस्य आहात म्हणून? मग ती ओळ कुणी लिहायची?