चिनी भाषेसाठी आंतरराष्ट्रीय शाळा निवडावी का?

धागाकर्ती, मुलुंड: आमची मुलगी पुढील वर्षी सहावीत जाईल. पवईच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत फ्रेंचऐवजी मँडरिन घेता येते, आणि माझा कल त्या शाळेकडे आहे. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि असे सूर लहान वयात कानात लवकर बसतात. शिवाय ‘प’ आणि ‘फ’ यांच्यात श्वासाच्या झोताने पडणारा फरक इंग्रजी भाषकांना मुद्दाम शिकवावा लागतो, तो मराठी मुलांच्या जिभेवर आधीच असतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतल्या दोन ‘च’सारखा भेदही तिथे आहे. आपले मत कळवावे.

डोंबिवलीकर: उच्चार जमले म्हणजे भाषा आली असे नव्हे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था मँडरिनसाठी सुमारे २२०० तास धरते, आणि तेही प्रौढ, पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी. आठवड्याला ४० मिनिटांच्या तीन तासिका आणि वर्षाचे ३६ आठवडे धरले, तर वर्षाकाठी ७२ तास होतात. म्हणजे दहावीपर्यंत ३६०. एवढ्यासाठी लाखांची फी भरावी, हे मला पटत नाही. दुसरे असे की, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकीय भाषांची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत चिनी नाही; २०१९ च्या मसुद्यात ती होती. उद्या मंडळ बदलावे लागले, तर हा विषय मध्येच सुटेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथेच भाषा शिकले. गरज पडली की माणूस शिकतो.

धागाकर्ती: डॉ. कोटणीस रात्रंदिवस त्या लोकांत राहत होते. मुलुंडमध्ये तशी सोय नाही, म्हणून तर शाळा हवी!

एक पालक, अंधेरी: तासांचा हिशोब बिनचूक आहे, पण आमचे घोडे वेगळ्याच ठिकाणी अडले. माझ्या मुलाच्या शाळेत (नाव देत नाही) दोन वर्षांत तीन शिक्षक बदलले, आणि प्रत्येकाने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. आज तो रोमन लिपीतील पिनयिन वाचतो, परंतु चित्रलिपीतील साधी पाटीही त्याला वाचता येत नाही. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. शिक्षक किती वर्षांपासून आहेत ते विचारा, आणि आठवीतील एखाद्या विद्यार्थ्याची लिखाणाची वही पाहायला मागा.

डोंबिवलीकर: वही दाखवायला शाळा तयार झाली, तर माझा निम्मा विरोध मागे घेतो. फीबाबतचा मात्र कायम आहे.