संगीतोपचार शिकतेय, आजोबा दाद देत नाहीत. मदत हवी आहे

लश्करची_लेक: ग्वाल्हेरहून लिहितेय. म्युझिक थेरपीचे प्रॅक्टिकलचे तास सुरू झालेत. आयसो प्रिन्सिपल पाठ आहे: माणूस आत्ता ज्या मनःस्थितीत आहे तिथून संगीत सुरू करायचं, मग हळूहळू हवं तिकडे न्यायचं. त्यासाठी एका आजोबांच्या घरी जाते, त्यांच्यासमोर तीन बैठका यमन गायले. काल त्यांनी माझा हात पेटीवरून बाजूला सारला. शुक्रवारी पुन्हा जायचंय. काय गाऊ?

मध्यलय: आजोबांना झालंय काय?

रियाझी: दरबारी गा, विलंबित. माझ्या आईला त्यानेच झोप लागायची. आणि पेटी कशाला? भातखंड्यांनी १९१८ साली जिथे माधव संगीत विद्यालय काढलं, त्या गावात तंबोरा मिळत नाही?

मध्यलय: काका, झोपेचं कोणी विचारलेलं नाही. राग म्हणजे गोळी नव्हे, अमक्या रोगाला अमका.

रियाझी: अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडा.

लश्करची_लेक: लिहायचं राहिलं. लकवा, पाच महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणंही. समजतं सगळं.

वाचा_उपचार: हेच आधी हवं होतं, ताई. बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला इजा आहे. अशा काहींना बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. त्यावरूनच १९७३ साली मेलॉडिक इंटोनेशन थेरपी पुढे आली, म्हणजे रोजचे छोटे बोल गाऊन म्हणवून घ्यायचे. ‘पाणी दे’ एवढंच, उंच-खाली अशा दोन स्वरांत. प्रत्येक अक्षराला त्यांच्या डाव्या हाताने थाप. आधी गुणगुणणं, मग दोघांनी मिळून, मग तुमचा आवाज हळूहळू काढून घ्यायचा. त्यांच्या स्पीच थेरपिस्टला विचारूनच करा. त्यांना काय आवडतं, विचारलंत?

लश्करची_लेक: बोलतच नाहीत, विचारू कसं?

वाचा_उपचार: घरच्यांना विचारा ना!

लश्करची_लेक: आत्ताच त्यांच्या सूनबाईंना फोन केला. रोज संध्याकाळी देवासमोर आरती व्हायची आणि झांज आजोबांकडेच असायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. लकव्यापासून ती देव्हाऱ्याखाली फडक्यात गुंडाळून ठेवलीय. मी त्यांना पुस्तकातल्या ‘रुग्णा’सारखं गाऊन दाखवत बसले, फार वाईट वाटतंय. पण झांजेला दोन हात लागतात. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला तर?

वाचा_उपचार: चालेल. आरतीची चाल नुसती गुणगुणा, शब्दांची घाई नको. त्यांच्या हाताची लय असेल तीच तुमची लय. तुमचं आयसो प्रिन्सिपल तिथेच सुरू होतं. सूनबाईंनाही शेजारी बसवा.

रियाझी: आरती कोणती म्हणायचे, तेही विचारा. घरोघरी चाल वेगळी असते.