मदत हवी आहे: मुलगा चालता चालता बसकण मारतो

मुलगा 11 वर्षांचा, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता मध्यम. हृदय, थायरॉईड, मानेचा एक्स-रे सगळं तपासून झालंय. डॉक्टरांनी फक्त कोलांटउड्या नको म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटना अशा मुलांनाही दिवसाला सरासरी 60 मिनिटं व्यायाम सांगते. आमची गाडी 15 वर अडते. फिरायला नेलं की तिसऱ्या विजेच्या खांबापाशी फतकल मारतो, मग उचलूनच आणायचा. सायकलवर तोल जातो, योगवर्गात सूचना भराभर येतात. नाचतो मात्र मनापासून, आणि त्या रात्री झोपही गाढ लागते! वेगळ्या शिकवणीचा खर्च झेपणार नाही. खाऊचं आमिष नको, वजन वाढतंय. ज्यांची मुलं अशीच बसकण मारायची, त्यांनी 15 चे किमान 30 कसे केले? नेमकं काय खेळवलं, आणि कोणासोबत?