टिफिनच्या धंद्याचं ब्रिटनमधलं पहिलं टॅक्स रिटर्न आणि अकाउंटंट

प्रेषक : सभासद, रेडिंग
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

फराळाच्या ऑर्डरी संपल्या आणि आता कागद काढून बसले आहे. मे २०२४ पासून मी घरून टिफिन देते. आठवड्याचे पाच दिवस डबे, सणावारी पुरणपोळ्या. खाण्याच्या धंद्याची कौन्सिलकडे नोंदणी तेव्हाच केली होती. सेल्फ असेसमेंटची, म्हणजे आपला टॅक्स आपणच मोजून कळवायची, नोंदणी या सप्टेंबरात केली, दहा आकडी यूटीआर (टॅक्सचा नंबर) आला. ५ एप्रिल २०२५ ला संपलेल्या वर्षात ३८,००० पौंड जमा झाले आणि खर्च जाऊन २४,००० उरले. मला दुसरी नोकरी नाही. माझ्या हिशेबाने टॅक्स तीन हजारांच्या आत बसतो, तेवढे बाजूला काढून ठेवलेत.

रिटर्न स्वतः भरावं की अकाउंटंट धरावा? पुण्याचे आमचे सीए पंधरा वर्षं घरातल्या सगळ्यांचं बघतात. ते म्हणाले, कागद पाठवा, बघू. चालेल का? आणि इथे मराठी बोलणारं कोणी असेल तर कळवा. इंग्रजीत टॅक्सचं बोलताना मला नेमकं विचारता येत नाही, आणि पैशाच्या बाबतीत अर्धवट समजलेलं नको वाटतं.

---

प्रेषक : सभासद, मिल्टन कीन्स
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ताई, आमच्या ओळखीत एक जण आहे. ८० पौंडांत रिटर्न भरतो आणि बहुतेकांना काही ना काही रिफंड काढून देतो. कागदपत्रंसुद्धा फारशी मागत नाही, फक्त टॅक्सच्या साइटचं लॉगिन द्यायचं. दोन वर्षं माझं तोच करतोय. नंबर हवा असेल तर वेगळा मेल करा.

---

प्रेषक : सभासद, हॅरो
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

ताई,

आधी आकड्याचं बोलतो. २४,००० मधून १२,५७० चा पर्सनल अलाउन्स, म्हणजे करमुक्त रक्कम, गेला की ११,४३० उरतात. त्यावर २० टक्क्यांनी इन्कम टॅक्स २,२८६ आणि क्लास ४ नॅशनल इन्शुरन्स (धंदेवाल्यांची सरकारी विम्याची वर्गणी) ६ टक्क्यांनी ६८५.८०. एकूण २,९७१.८०. तुमचा हिशेब बरोबर आहे.

पण ३१ जानेवारीला, म्हणजे रिटर्न आणि टॅक्सच्या शेवटच्या तारखेला, एवढ्यावर भागणार नाही. सेल्फ असेसमेंटचं बिल १,००० पौंडांच्या वर गेलं की पुढच्या वर्षाचा आगाऊ भरणा सुरू होतो. त्याला पेमेंट ऑन अकाउंट म्हणतात. यंदाच्या बिलाचे निम्मे, म्हणजे १,४८५.९०, त्याच ३१ जानेवारीला आणि तेवढेच पुन्हा ३१ जुलैला. म्हणजे जानेवारीत ४,४५७.७० लागतील. पहिल्या वर्षी हे कोणी सांगत नाही आणि माणूस हबकतो. मी हबकलो होतो. चालू वर्षात कमाई खरंच घटली असेल तर आगाऊ रक्कम कमी करून मागता येते, मात्र जास्त कमी केली तर फरकावर व्याज बसतं. एकदम जमणार नसेल तर रिटर्न वेळेत भरा आणि हप्ते मागा. रिटर्नच उशिरा गेलं तर १०० पौंड दंड लागतोच, टॅक्स शून्य असला तरी.

आता मिल्टन कीन्सच्या मेलबद्दल. तुम्ही चांगल्या मनाने सुचवलंत, हे मला कळतं. पण मला जे भोगावं लागलं ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर. धंद्याच्या सुरुवातीला माझी रिटर्न्सही असाच एक ओळखीचा माणूस भरायचा. रोख घ्यायचा, पावती नाही. तीन वर्षं रिफंड आला, मी खूश. मग एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचं, पत्र आलं. मी कधी न केलेला खर्च त्याने दाखवला होता. गाडीचा सगळा खर्च आणि वर त्याऐवजी धरायचा मैलामागचा ठरलेला दर, दोन्ही. मी फोन केला तर नंबर बंद. टॅक्स, व्याज आणि दंड मी भरला, कारण रिटर्न कोणीही भरलं तरी त्यातल्या आकड्यांना जबाबदार आपण असतो. ते सहा महिने घरात कोणाला झोप नव्हती. बायकोने माहेरून आलेल्या बांगड्या मोडायच्या असं ठरवलं होतं. ती वेळ टळली, पण ते बोलणं मी विसरलेलो नाही.

या देशात 'अकाउंटंट' ही पाटी कोणीही लावू शकतो, त्याला कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे सीए म्हटलं की परीक्षा आणि संस्था मागे उभी असते, म्हणून आपण इथेही तसंच धरून चालतो आणि फसतो. इथे संस्था विचारावी लागते. अकाउंटंटांच्या संस्था म्हणजे आयसीएईडब्ल्यू, एसीसीए, एएटी. टॅक्सपुरतं बघायचं तर सीआयओटी आणि एटीटी. माणूस सांगतो तेवढ्यावर न थांबता त्या संस्थेच्या साइटवर नाव शोधा, आणि स्वतंत्र काम करायचा परवाना आहे का तेही बघा. मग इन्शुरन्स विचारा, मनी लाँडरिंग रोखण्याच्या नियमांखाली त्याच्यावर देखरेख कोणाची ते विचारा. चांगला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. काम सुरू करण्याआधी तो पत्र देतो, ज्यात काय करणार आणि किती घेणार हे लिहिलेलं असतं. फी तीन जणांकडून काढा.

आणि लॉगिन कोणालाही देऊ नका. खऱ्या अकाउंटंटचं एचएमआरसीकडे स्वतःचं एजंट खातं असतं. तो तुमच्याकडून परवानगी घेतो आणि त्याच्या खात्यातून रिटर्न पाठवतो. तुमचा पासवर्ड मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. रिटर्न जाण्याआधी पानन् पान वाचून घ्या. फी रिफंडच्या टक्क्यात मागितली तर तिथे थांबूच नका.

पुण्याच्या सीएंना भारताचं रिटर्न करू द्या. ते त्यात पारंगत असतील, पण इथलं काम इथल्याच माणसाचं.

---

प्रेषक : सभासद, हाउन्स्लो
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

हॅरोच्या काकांनी महत्त्वाचं सगळं सांगितलंय. मी एका अकाउंटंटच्या ऑफिसात बारा वर्षं आहे, म्हणून खर्चाचं थोडं लिहिते. आमच्या ऑफिसचं नाव मुद्दाम देत नाही, आपली ही मेल लिस्ट त्यासाठी नाही.

डब्यांच्या पातेल्यातून घरच्यांचं जेवण निघत असेल तर तेवढ्या सामानाचा खर्च वजा करता येत नाही. खाण्याच्या धंद्यात तपासणी झाली तर हे हमखास विचारतात. उलट, धंदा सुरू व्हायच्या आधी त्यासाठीच घेतलेला मोठा मिक्सर, डबे, फ्रीझर हे सात वर्षांपर्यंत मागचं असलं तरी धरता येतं, बिल असेल तर. डबे स्वतःच्या गाडीने पोहोचवत असाल तर पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स धरा. मग पेट्रोल आणि सर्व्हिसिंग वेगळं लावायचं नाही, काकांच्या बाबतीत झालं ते हेच. मैलांची वही मात्र रोजच्या रोज लिहायची. हे सगळे कागद ३१ जानेवारी २०३१ पर्यंत जपा.

एक गोष्ट आपल्या लोकांची नेहमी राहून जाते. एनआरई ठेवीचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं अनिवासींचं खातं) व्याज भारतात करमुक्त असतं, म्हणून इथे दाखवायचं नाही असा समज आहे. इथे राहणाऱ्याला, नव्याने आलेल्यांच्या सवलतीसारखे अपवाद सोडले तर, जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं आणि एनआरईचं व्याज त्यात आलं. खात्यांची माहिती दोन्ही देश एकमेकांना देतात. एनआरओ खात्याच्या (भारतातल्या कमाईचं अनिवासींचं खातं) व्याजावर भारतात ३० टक्क्यांच्या वर कापलेलं असतं, पण दोन देशांतल्या करारानुसार इथे १५ टक्क्यांपर्यंतच वळतं करून मिळतं. वरचे पैसे भारतातल्या रिटर्नमधूनच परत मागायचे, तिथे तुमचे सीए लागतील. आणि बँकेचं सर्टिफिकेट ३१ मार्चला संपतं, इथलं वर्ष ५ एप्रिलला, म्हणून खात्याचा उतारा मागवा.

ताईंनी उल्लेख केला नाही, पण लिस्टवरच्या नव्या मंडळींसाठी : स्किल्ड वर्कर व्हिसावर स्वतःचा असा धंदा सहसा करता येत नाही, विद्यार्थ्यांनाही नाही. डिपेंडंटला, म्हणजे त्यांच्या जोडीदाराला, येतो. टॅक्स भरला म्हणून व्हिसाची चूक झाकली जात नाही.

आणि ताई, २०२४-२५ मध्ये नफा ६,७२५ च्या वर असल्याने त्या वर्षातले धंद्याचे आठवडे तुमच्या स्टेट पेन्शनच्या हिशेबात धरले जातील. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात, त्यातला हा वाटा डबे करून मिळवलेला.

---

प्रेषक : सभासद, रेडिंग
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

मंडळी,

तिघांशी बोलले. एकाने संस्थेचं नाव सांगितलं, पण त्या साइटवर तो सापडला नाही. दुसऱ्या बाई एसीसीएच्या, नाव आणि परवाना दोन्ही आहे, त्यांचं पत्र आलंय. मराठी नाहीत, गुजराती आहेत, पण हिंदीत सगळं नीट बोलता आलं. त्यांनीच सांगितलं की २०२५-२६ मध्येही जमा ३०,००० च्या वर गेली तर एप्रिल २०२७ पासून मला दर तीन महिन्यांनी एचएमआरसीला सॉफ्टवेअरमधून हिशेब पाठवावा लागेल. उरलेला नफा नाही, आलेली एकूण रक्कम बघतात. म्हणून आत्तापासूनच वही सोडून फोनवर लिहायला लागले आहे.

एनआरईचं व्याज आमचंही राहिलं होतं. घरात थोडा वाद झाला. ह्यांचं म्हणणं, कोण विचारतंय. पण दाखवायचं ठरलं. माझी ठेव माझ्या नावावर आहे, रिटर्न माझं आहे.

जानेवारीला दीड हजार कमी पडत होते. दर सोमवारी डब्यांचे पैसे आले की त्यातले दीडशे वेगळ्या खात्यात टाकतेय, अजून दहा सोमवार आहेत. काका, तुमच्या मेलशिवाय हे मला ३० जानेवारीला कळलं असतं.

मिल्टन कीन्सचे दादा, तुमचं लॉगिन अजून त्या माणसाकडे आहे का? एकदा उघडून बघाल?

---

प्रेषक : सभासद, मिल्टन कीन्स
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

काल रात्री बघितलं. पासवर्ड बदलला. २०२३-२४ च्या रिटर्नमध्ये ४,२०० पौंडांची हत्यारं आणि साहित्य दाखवलंय. मी फोटोग्राफी करतो, त्या वर्षी एक लेन्स घेतली होती, ६०० ची. काका, फोन करू का?

---

प्रेषक : सभासद, हॅरो
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

करा, आज आठनंतर. २०२३-२४ चं रिटर्न ३१ जानेवारी २०२६ पर्यंत दुरुस्त करता येतं. त्यांचं पत्र येण्याआधी स्वतःहून सांगितलं की दंड कमी बसतो, कधी बसतही नाही. लेन्सचं बिल शोधून ठेवा आणि त्याच्या आदल्या वर्षाचंही रिटर्न उघडा.